विषय तीन, प्रश्न एक: सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचायचा थोडा इतिहास

परवा रात्री एका ज्युनिअरचा फोन आला. पेटचा फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर आलेली आणि ती 'विषय' या रकान्यापाशी अडलेली. म्हणाली, "ताई, मला बचत गटांवर काम करायचंय. गटातून कर्ज मिळायला लागल्यावर बायका ग्रामसभेत बोलायला लागतात का, हे बघायचंय. मग हे अर्थशास्त्रात टाकू की राज्यशास्त्रात? एक सर म्हणतात, हे आमच्याकडचं नाही. दुसरे मॅडम म्हणतात, आमच्याकडचंही नाही."

मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण हेच माझ्या बाबतीत झालं होतं. माझा विषय मुंबई इलाख्यातल्या अर्थशास्त्र-शिक्षणाचा इतिहास. पहिल्यांदा सिनॉप्सिस घेऊन गेले तेव्हा समितीतल्या एकांनी विचारलं, "यात अर्थशास्त्र कुठंय?" आणि शेजारच्यांनी विचारलं, "यात इतिहास कुठंय?" दोन्ही प्रश्न रास्त होते, फक्त माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी जे वाचलं, त्यातला एक तुकडा आज तुमच्यासमोर ठेवते. तुमच्यापैकी बरेच जण लवकरच त्या रकान्यापाशी येऊन थांबणार आहेत, म्हणून.

आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान हे वेगवेगळे विषय आहेत, ते पहिल्यापासून वेगळेच होते आणि एखाद्या हौशी माणसानं ते एकत्र करायचा घाट घातला तर ते 'आंतरविद्याशाखीय' होतं, असं. इतिहास मात्र जवळजवळ उलटा आहे. हे विषय आधी एकत्र नांदत होते. वेगळे झाले ते नंतर, आणि ते का वेगळे झाले याच्या तारखा सांगता येतात.

अभ्यासक्रम हेही एक साधन आहे

सुरुवातीला पद्धतीबद्दल दोन शब्द. विद्यापीठाचा जुना अभ्यासक्रम हा आपल्याला रद्दीतला कागद वाटतो. पण इतिहासाच्या दृष्टीनं तो दस्तऐवज आहे. तो हातात आला की मी त्याला चार प्रश्न विचारते. आत यायची अट काय होती? कशाशेजारी काय ठेवलं होतं? काय गाळलं होतं? आणि शिकून बाहेर पडणारा माणूस कुठल्या खुर्चीवर बसेल अशी अपेक्षा होती? एवढं विचारलं की कागद बोलायला लागतो.

आता हे प्रश्न एका प्रसिद्ध अभ्यासक्रमाला विचारून बघू.

ऑक्सफर्ड, १९२०

तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीन विषयांची एकत्र पदवी, जिला जग 'पीपीई' म्हणून ओळखतं, ती ऑक्सफर्ड विद्यापीठात १९२० मध्ये मंजूर झाली. सुरुवातीला तिला 'मॉडर्न ग्रेट्स' म्हणत. म्हणजे आधी एक जुनं 'ग्रेट्स' होतं. त्यात ग्रीक आणि लॅटिन, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवलं जाई. प्लेटो, ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमधून वाचायचे, रोमचा इतिहास पाठ करायचा आणि मग बाहेर पडून कारभार चालवायचा. कुणाचा? तर आपलाही. भारतात आयसीएस म्हणून आलेल्या कितीतरी साहेबांचं शिक्षण याच वळणाचं होतं. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी तर आपल्या विद्यार्थ्यांना या नोकरीकडे वळवण्यासाठी जाणीवपूर्वक प्रयत्न केले होते.

मग नव्या पदवीची गरज का पडली? पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धावरून परतलेल्या तरुणांना अथेन्सपेक्षा बेकारी, मजुरांचे संप, युद्धकर्ज आणि युरोपचे बदललेले नकाशे जास्त जवळचे होते. त्याच १९२० साली ऑक्सफर्डनं प्रवेशासाठीची ग्रीकची सक्ती काढून टाकली. त्याच साली स्त्रियांना तिथं पहिल्यांदा पदवी मिळू लागली. त्याआधी त्या वर्गात बसत, परीक्षाही देत, पण पदवीची पाटी कोरीच राही. ग्रीक न येणाऱ्यालाही तत्त्वज्ञान शिकता यावं असं काही जणांना वाटत होतं, आणि अर्थशास्त्र-राज्यशास्त्राला स्वतःची जागा हवी अशीही मागणी होती. या सगळ्यातून तीन पायांचं हे तिवई-शिक्षण उभं राहिलं.

आता माझे चार प्रश्न लावा. आत यायची अट सैल झाली: ग्रीक नको. शेजार बदलला: तत्त्वज्ञानाशेजारी प्राचीन रोमऐवजी आजचं राज्य आणि आजचा बाजार आला. खुर्ची मात्र फारशी बदलली नाही. जुनं ग्रेट्स कारभारी घडवत होतं, नवंही तेच करणार होतं. हॅरल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमरन, लिझ ट्रस, ऋषी सुनक हे ब्रिटनचे पाच पंतप्रधान याच पदवीचे. पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो आणि इम्रान खान, म्यानमारच्या आंग सान सू ची, आपल्याकडचे माँटेकसिंग अहलुवालिया हेही तिथलेच. म्हणूनच ब्रिटनमध्ये या पदवीवर टीकाही होते: सगळ्यावर थोडं थोडं, झोकात बोलता येणारे लोक ती घडवते, असं.

ही टीका लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेगळं होण्याची तारीख

ऑक्सफर्डनं १९२० मध्ये तीन विषय एका दोरीत बांधले, पण त्याच्या सतरा वर्षं आधी केंब्रिजमध्ये नेमकं उलटं घडलं होतं. तिथं आल्फ्रेड मार्शल यांच्या खटपटीतून १९०३ मध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवी-परीक्षा सुरू झाली. तोवर तिथं अर्थशास्त्र हे 'नैतिक शास्त्रां'च्या छत्राखाली, तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्राच्या बरोबरीनं शिकवलं जात होतं. गंमत म्हणजे मार्शल स्वतः गणित आणि नीतिशास्त्राच्या वाटेनंच अर्थशास्त्राकडे आले होते. ज्या घरात वाढले, त्याच घराची त्यांनी वाटणी मागितली.

त्यांचंही एक म्हणणं होतं. अर्थशास्त्राला आता स्वतःची साधनं आहेत, ती शिकायला पूर्ण वेळ लागतो, दुसऱ्या विषयाच्या कडेवर बसून ती येत नाहीत. हे म्हणणं खोटं नव्हतं. आज इकॉनॉमेट्रिक्सचा पेपर देणाऱ्या कुणालाही ते पटेल. शास्त्राचं नावही याच काळात बदललं. 'पोलिटिकल इकॉनॉमी' हे जुनं नाव मागे पडून 'इकॉनॉमिक्स' पुढे आलं. मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथाच्या शीर्षकात नवं नाव आहे. नावातून 'राजकीय' गेलं, आणि हळूहळू विषयातूनही बरंचसं गेलं.

म्हणजे आपल्या ज्युनिअरला जे दोन दरवाजे बंद दिसले, ते कुणा सर-मॅडमनी काल बंद केलेले नाहीत. त्या दरवाजांनाही इतिहास आहे.

आपल्याकडे काय चाललं होतं?

आता पुण्याला या. १८९२ साली डेक्कन कॉलेजात महादेव गोविंद रानडे यांनी एक व्याख्यान दिलं, विषय होता 'भारतीय अर्थशास्त्र'. 'भारतीय' हा शब्दच तिथं वादाचा मुद्दा होता. इंग्रजी पाठ्यपुस्तकं असं शिकवत होती की अर्थशास्त्राचे नियम सगळीकडे सारखे, जसे गुरुत्वाकर्षणाचे. रानड्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे नियम काही गृहीतकांवर उभे आहेत, आणि ती गृहीतकं आपल्या समाजाला लागू पडत नाहीत. इथं माणूस जातीनं, कुटुंबानं, रूढीनं बांधलेला आहे. तो हवा तेव्हा धंदा बदलत नाही आणि भांडवल हवं तिकडे वाहत नाही. मग सरकारनं बाजूला उभं राहून बघत बसायचं हा सल्ला इथं कसा चालेल? यासाठी त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञांचा, विशेषतः फ्रीडरिख लिस्टचा आधार घेतला.

बघा, या एका व्याख्यानात काय काय आहे. नियम म्हणजे काय आणि तो कधी लागू होतो, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. सरकारचं काम काय, हा राज्यशास्त्राचा. उद्योग का बुडाले, हा अर्थशास्त्राचा. रानड्यांनी हे तीन विषय ठरवून 'जोडले' नाहीत. त्यांच्यापुढे एक प्रश्न होता, हा देश गरीब का, आणि त्याच्यामागे जाताना जी हत्यारं लागली ती त्यांनी उचलली.

पाठ्यपुस्तकातला नियम आणि डोळ्यांसमोरचा देश यांचा मेळ बसेना, तेव्हा रानड्यांनी पाठ्यपुस्तकाची उलटतपासणी केली. संशोधन सुरू होतं ते असं.

एक गुणपत्रक आणि एक टाचण

आता या लेखातलं माझं सगळ्यात आवडतं साधन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तिथं होते. त्या तीन वर्षांत त्यांनी कोणते कोर्स घेतले याचा हिशेब उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी १. एकूण ६०.

हे आकडे आपण बहुतेक वेळा भारावून जाऊन वाचतो. तसं वाचायला हरकत नाही, पण संशोधक म्हणून आणखी एक पाऊल पुढे जाऊ. या यादीचा आकार बघा. सगळे विषय सारख्या वजनाचे नाहीत. जवळजवळ निम्मे कोर्स एकाच विषयाचे आहेत. म्हणजे एक पाय घट्ट रोवलेला आणि दुसरा फिरता. ऑक्सफर्डच्या तिवईपेक्षा ही रचना वेगळी आहे. ती कंपाससारखी आहे.

पण सावध राहा. गुणपत्रक फक्त वर्गात काय होतं ते सांगतं. डोक्यात काय घडलं ते सांगत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याचं लिखाण शेजारी ठेवावं लागतं. ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचा गाभा म्हणजे जातीतच लग्न करण्याचं बंधन, ही त्यातली मांडणी. म्हणजे अर्थशास्त्रात २९ कोर्स करणाऱ्या विद्यार्थ्यानं आपला सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न मांडला तो ४ कोर्सवाल्या विषयाच्या वर्गात. का? कारण त्या प्रश्नाला लागणारं हत्यार तिथं होतं.

तिथून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये परत यावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. त्याच वर्षी जानेवारीत 'मूकनायक' सुरू झालं होतं. आणि हे तेच वर्ष, ज्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये पीपीई मंजूर होत होती. एकीकडे कारभारी घडवण्यासाठी तीन विषय नीट मांडले जात होते. दुसरीकडे, ज्याला त्या कारभारात जागाच नव्हती असा एक माणूस, तेच विषय उसने पैसे घेऊन शिकत होता.

लंडनमधला त्यांचा प्रबंध 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. वरवर पाहता अगदी तांत्रिक: रुपयाचं मूल्य सोन्याशी कसं बांधायचं. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात ज्या सुवर्ण-विनिमय पद्धतीचं समर्थन केलं होतं, तिला आंबेडकरांचा विरोध होता. या पद्धतीत चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर राहतं, हा त्यांचा मुख्य आक्षेप. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा दिसतो, पण मजुराची मजुरी किमतींच्या मागे रेंगाळते, तेव्हा हा फायदा कुणाच्या खिशातून आला ते विचारा, असंही ते सांगतात. चलनाचा प्रश्न बघता बघता सत्तेचा आणि न्यायाचा प्रश्न होतो. पण आकडे आणि कायदे यांच्यावरची पकड सुटत नाही. झोकात बोलणं आणि संशोधन यांत फरक पडतो तो इथं.

आणखी दोन गोष्टी, खास तुमच्यासाठी. पहिली, हा प्रबंध पहिल्या फेरीत स्वीकारला गेला नाही. त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला आणि १९२३ च्या अखेरीस तो मान्य झाला. तुमच्या गाईडनं पहिला ड्राफ्ट लाल करून परत दिला तर हे आठवा. दुसरी, छापील पुस्तकाला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि तीत कॅनन यांनी आपले मतभेद उघड नोंदवले आहेत. विद्यार्थ्यानं गुरूशी असहमत असावं आणि गुरूनं ते छापून आणायला मदत करावी, हे शिक्षणाचं केवढं मोठं चित्र आहे!

इथंच एक इशारा. 'या पुस्तकावरूनच रिझर्व्ह बँक स्थापन झाली' असं वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. प्रबंधात ते असं लिहू नका. ठामपणे सांगता येतं ते एवढं: १९२५ मध्ये आंबेडकरांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली, त्या आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. या तीन घटनांमधला धागा किती जाड, हे दाखवायचं असेल तर साक्षीचा मजकूर आणि आयोगाचा अहवाल शेजारी ठेवून दाखवावं लागेल. आपल्या आदराच्या माणसाबद्दल लिहिताना तर पुरावा जास्तच लागतो.

मग तिवई की कंपास?

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. पुण्यात १९३० मध्ये सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या छायेत गोखले संस्था सुरू झाली, तिच्या नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही आले. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. ऑक्सफर्डमध्ये १९७० च्या सुमारास विद्यार्थ्यांना तीनपैकी एक विषय सोडायची मुभा मिळाली, कारण तिन्ही विषय इतके वाढले की एका डोक्यात मावेनात. मार्शल यांचं म्हणणं तिथंही शेवटी दार ठोठावत आलंच.

म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. विषय तोडले की प्रश्न अर्धवट राहतो, आणि विषय नुसते जोडले की हात वरवर फिरतो. रानडे आणि आंबेडकर यांच्याकडून मी एवढं शिकले की आधी प्रश्न पक्का करायचा आणि मग विषय बोलावायचे. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. ते वाक्य कुठल्या विभागाचं? कुठल्याच एकाचं नाही. पण त्याच्यामागे तीस-पस्तीस वर्षांचा अभ्यास आहे, आणि त्याची सुरुवात गुणपत्रकातल्या त्या २९ कोर्सपासून होते.

तर ज्युनिअरला मी काय सांगितलं? तीन गोष्टी.

एक, प्रश्न एका वाक्यात लिही, आणि त्या वाक्यात कुठल्याही विषयाचं नाव येऊ देऊ नको. "कर्ज हातात आलेली बाई ग्रामसभेत बोलते का, आणि बोलत नसेल तर तिला काय अडवतं?" हे वाक्य पुरेसं आहे.

दोन, त्या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः कुठल्या पुराव्यातून येणार ते ठरव. गटाच्या हिशेबवह्या आणि कर्जाच्या नोंदी हा मुख्य पुरावा असेल तर अर्थशास्त्रात रोव पाय. ग्रामसभेची इतिवृत्तं आणि मुलाखती असतील तर राज्यशास्त्रात. पाय कुठं रोवायचा हे पुरावा ठरवतो. आवड नाही, आणि कुठल्या विभागात जागा रिकामी आहे हेही नाही.

तीन, उरलेल्या विषयातलं एकच हत्यार निवड आणि ते नीट शिक. 'बोलणं' म्हणजे स्वातंत्र्य का? उपस्थितीच्या वहीत सही झाली म्हणजे सहभाग झाला का? हे तत्त्वज्ञानाचे प्रश्न आहेत. ते वगळले तर तुझा सगळा डेटा सह्या मोजत बसेल.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, आमच्या गावात इतिवृत्तात बायकांची नावं असतात, पण त्या काय बोलल्या ते लिहिलेलंच नसतं." मी म्हटलं, "मग तुझं पहिलं प्रकरण सापडलं. ते का लिहिलेलं नसतं, तिथून सुरू कर."

तिनं फॉर्मवर राज्यशास्त्र लिहिलं. सिनॉप्सिसच्या वेळी समितीतलं कुणीतरी विचारणारच, "यात राज्यशास्त्र कुठंय?" तेव्हा तिच्याकडे उत्तर असेल. तुम्हीही तुमचा प्रश्न आज एका वाक्यात लिहून बघा. वाक्य जमलं नाही, तर रकाना अजून रिकामा ठेवा.